घारपुऱ्यांनी भरलेली कोरी जागा

पद्माकर घारपुरे गेल्या फेब्रुवारीत गेले. आम्ही दोघांनी वीस वर्षं एकाच इमारतीत नोकरी केली, म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्यांच्यावर काहीतरी लिहून द्या असं अंकाचं काम बघणाऱ्या अनुराधाताईंनी मला सांगितलं. मी तीनदा नाही म्हटलं. घरपट्टीच्या नोटिशींपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. शिवाय घारपुऱ्यांबद्दल मला जे सांगायचं आहे ते अंकात छापण्यासारखं आहे की नाही, हेही कळत नाही. तरी लिहितो. गप्प बसून एकदा माझ्याकडून चूक झालेली आहे.

आमचं गाव नॉटिंगहॅमहून बसने पाऊण तासावर. चौकात टाउन हॉल आणि समोर चर्च. घारपुरे सहासष्ट साली या देशात आले. आधी लीड्सला लोकरीच्या मिलमध्ये, मग नॉटिंगहॅमला बस कंडक्टर, आणि सत्त्याहत्तरपासून आमच्या टाउन हॉलचे अटेंडंट. दारं उघडायची, सभेच्या खुर्च्या मांडायच्या, गच्चीवर झेंडा चढवायचा आणि मेयरची मिरवणूक निघाली की मुकुटाच्या डोक्याचा चांदीचा दंड खांद्यावर घेऊन पुढे चालायचं. मी वरच्या मजल्यावर घरपट्टीच्या विभागात कारकून होतो. इमारतीत मराठी माणसं आम्ही दोघंच. दुपारचा डबा आम्ही तळघरात बॉयलरशेजारी बसून खात असू. तिथे ऊब असे.

घारपुरे अंगाने किरकोळ. त्यांना मिळालेला काळा झगा आधीच्या सहा फुटी अटेंडंटचा होता. त्यांच्या पत्नी सुहासिनीवहिनींनी तो आठ इंच दुमडून शिवला आणि वर म्हणाल्या, "पेशव्यांचे चोबदार कसे असायचे! हे बघा आमचे. दंडच ह्यांना धरून चाललाय असं वाटतं."

घारपुऱ्यांना असल्या थट्टेचं हसू येत नसे. काम म्हणजे काम. ऑफिसातले गोरे लोक त्यांना 'पॅडी' म्हणत, कारण पद्माकर त्यांच्या जिभेला झेपत नसे. त्यालाही त्यांची हरकत नव्हती.

त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात एक काळी फाइल. राजा किंवा राणी गेली की गावाने काय करायचं ते त्यात लिहिलेलं होतं. कुणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा, मेयरच्या दंडाला काळी फीत कशी बांधायची, आवाज दबावा म्हणून चर्चमधल्या घंटांच्या लोलकांना चामड्याच्या गाद्या बांधायला कुणाला सांगायचं, वगैरे. एकदा डबा खाताना त्यांनी मला विचारलं, "राणी गेली की पुढचा राजा कधी होतो, सांग बघू."

"राज्याभिषेक झाला की," मी म्हटलं.

"चूक. तो वर्षभराने. अरे, ती गेली की त्याच श्वासाला दुसरा राजा झालेला असतो. मध्ये सेकंदभरसुद्धा सिंहासन रिकामं राहत नाही."

"आणि त्याला माहीतच नसेल तर?"

"नसलं तरी. हिचंच बघ ना. बाप इथे झोपेत गेला, ही आफ्रिकेत. कित्येक तास राणी होती आणि तिला पत्ता नाही. चहा पीत असेल कुठेतरी."

"मग तुमचा तो जाहीरनामा कशाला?"

"लोकांना कळायला. लंडनला मोठी मंडळी जमतात आणि पहिल्यांदा तिथे वाचतात. मग काउंटीत, म्हणजे जिल्ह्याला. मग आपल्यासारख्या गावात मेयर पायऱ्यांवर उभा राहून वाचतो. अर्ध्यावर उतरवलेला झेंडा तेवढ्यासाठी वर चढवायचा, आणि नंतर परत अर्ध्यावर आणायचा." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "वाचल्याने कुणी राजा होत नाही, श्रीनिवास. आधीच्याच्या मरणाने होतो."

आमच्या टाउन हॉलात दर नोव्हेंबरात याची तालीम होत असे. दिवस बुधवारचा, कारण बुधवारी दुपारी गावातली दुकानं बंद असत आणि चौकात चिटपाखरू नसे. हॉलचे पडदे ओढून दार आतून लावून घेत. बाहेरच्या कुणी ऐकलं आणि खरंच समजलं तर काय घ्या. मेयर तालमीला येत नसत. उपसचिव मिसेस ब्रॅडवेल त्यांच्या जागी उभ्या राहून जाहीरनामा वाचत, बाजूला दंड घेऊन घारपुरे, आणि आम्ही दहाबारा कारकून 'जनता' म्हणून खुर्च्यांवर.

तालमीच्या कागदावर दोन ठिकाणी नावाऐवजी नुसती टिंबं होती. पहिली जागा गेलेल्याची. जिवंत माणसाचं नाव तिथे टाइप करणं कुणाला बरं वाटत नव्हतं. दुसरी जागा नव्याची. तो कोण हे सगळ्यांना माहीत असलं, तरी तो कोणत्या नावाने राज्य करील ते त्याचं तो ठरवतो. वाचणाऱ्याने दोन्ही ठिकाणी थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि पुढे जायचं, असा नियम.

ते तीन आकडे मला कधी आवडले नाहीत. चर्चमध्ये घंटावाले त्याच दुपारी गाद्या बांधून सराव करत, आणि तो आवाज जमिनीच्या खालून आल्यासारखा येई. मिसेस ब्रॅडवेल थांबल्या की हॉल एकदम लांब झाल्यासारखा वाटे. मागे वळून दाराकडे बघावं असं सगळ्यांना वाटत असणार. कुणी वळत नसे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या तालमीच्या आधीच्या रविवारी मिरजेहून घारपुऱ्यांच्या धाकट्या भावाचा, शशीचा, फोन आला. वडील, विष्णुपंत, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. पाच दिवस ताप उतरत नव्हता आणि छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या मुलाला बोलावून घ्या. फोन त्यांच्या मुलीने, मीनलने, घेतला. ती इथेच जन्मलेली. घारपुरे मला सोमवारी तिची नक्कल करून सांगत होते, "बाबा, शशीकाकाचा फोन आली. आजोबा फार आजारी आहे, तू लगेच जा." हसवायचा प्रयत्न होता, पण त्यांचे डोळे सुजलेले होते.

"मग कधी निघताय?" मी विचारलं.

"शुक्रवारी."

"आज का नाही? तिकीट मिळत नाही का?"

"मिळतंय. बुधवारी तालीम आहे ना. फाइलमधलं माझ्याशिवाय कुणाला काही माहीत नाही."

"घारपुरे, ती तालीम आहे. राणी ठणठणीत आहे. तुमचे वडील…"

"माहीत आहे मला," ते म्हणाले. मग किल्ल्यांचा जुडगा उचलत, "मी पोचेपर्यंत ते राहतील. मोठ्याला बघितल्याशिवाय जायचे नाहीत."

बुधवारी धुकं होतं. तीन वाजताच दिवे लावावे लागले. मिसेस ब्रॅडवेल आल्या त्या घशाला मफलर गुंडाळून. आवाज पार बसला होता. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं आणि माझ्यासमोर कागद धरला. "तुम्ही वाचा. तुमचं इंग्रजी स्वच्छ आहे," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे हात गार पडतात. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा मान हलवली. मागे कुणीतरी हसलं. मग त्या वळून घारपुऱ्यांना म्हणाल्या, "पॅडी, तू वाच. तुला पाठच असेल."

घारपुऱ्यांनी दंड टेबलावर आडवा ठेवला, कागद घेतला आणि वाचायला लागले. त्यांचा आवाज चांगला होता. देवाने आपल्या कृपेत बोलावून घेतलेले आपले दिवंगत… इथपर्यंत आले. पहिली कोरी जागा. मी मनात एक म्हटलं. आणि घारपुरे स्पष्ट आवाजात म्हणाले, "विष्णू महादेव."

एकदोघं हसले. हा कुठला राजा म्हणून कुणीतरी पुटपुटलं. आपल्या तोंडून काय गेलं ते घारपुऱ्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. पण तालीम थांबवायची नसते, म्हणून ते पुढे वाचत गेले. ज्यांच्या निधनाने हा मुकुट न्यायाने आणि एकट्या ज्यांच्याकडे आला आहे ते… दुसरी जागा.

मी अगदी समोर बसलो होतो, सहा फुटांवर. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. इतके घट्ट की पांढरे पडले होते. बाहेरची घंटा थांबलेली होती. एक. दोन. आणि मला ऐकू आलं, "पद्माकर."

मोठ्याने नव्हे. आतल्या खोलीतून कुणी जेवायला हाक मारावी तसं. आणि नीट, मराठी. त्या हॉलात ते नाव तसं म्हणू शकणारी माणसं दोनच होती. त्यांतला मी बोललो नव्हतो.

कुणी वळून बघितलं नाही. मिसेस ब्रॅडवेलनी बोटाने पुढे वाच अशी खूण केली. घारपुऱ्यांनी शेवटपर्यंत वाचलं. आम्ही सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे देव राजाला राखो म्हटलं आणि कुणीतरी पडदे उघडले.

तळघरात ते माझ्या आधी जाऊन बसले होते. दुपारचा डबा तसाच होता, उघडलेला नव्हता.

"नाव का घेतलंत?" मी विचारलं.

"सवय रे. आजोबांच्या श्राद्धाला बाबा पोथी माझ्याकडून वाचून घ्यायचे. पोथीत 'अमुक गोत्र, अमुक नाम' असं छापलेलं असतं. मी नऊ वर्षांचा होतो, तसंच 'अमुक' म्हणून वाचलं. बाबांनी थोबाडीत दिली. म्हणाले, अशी जागा मोकळी सोडायची नसते. माणसाचं नाव घे, नाहीतर दुसरंच कुणीतरी येऊन बसतं." ते हातांकडे बघत राहिले. "अकरा वर्षं बाजूला उभा होतो, काही झालं नाही. आज स्वतः वाचायला लागलो आणि जीभ आपोआप गेली. आणि गेली ती जिवंत माणसाच्या नावावर."

मी त्यांच्यासमोर बसलो.

"श्रीनिवास, दुसऱ्या जागेला काही ऐकलंस?"

"काय?"

"मी माझं नाव घेतलं का? खरं सांग. मला वाटतं मी घेतलं."

इथे मी सांगायला हवं होतं. तुमचे ओठ मिटलेले होते, मी बघत होतो, एवढंच. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग बोललं कोण, आणि तो प्रश्न मला त्या तळघरात नको होता. शिवाय कागद आधी माझ्याकडे आला होता. मी वाचलं असतं तर हे काहीच झालं नसतं.

"काही ऐकलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणजे ते नाव आपल्याच मनातून आलं, जिवंत बापाला गेलेला ठरवून आपणच त्याच्या जागी बसलो, असं त्यांनी धरलं.

गुरुवारी सकाळी शशीचा फोन आला. घारपुरे धावत माझ्या टेबलाशी आले. वडील जिवंत होते! नुसते जिवंत नव्हे, ताप उतरला होता. आदल्या रात्री साडेआठला ते आपण होऊन उठून बसले. आमच्याकडे तेव्हा तीन वाजले होते, तालमीचीच वेळ. घारपुरे इतके आनंदात होते की त्यांच्या ते लक्षात आलं नाही, आणि मीही बोललो नाही. पुढचं ते हसत हसतच सांगत होते. वडील उठले, आपली उशी घेऊन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेले, आणि तिथून शशीला म्हणाले, "खुर्ची पुसून ठेव. ते येतायत."

शुक्रवारी घारपुरे गेले आणि तीन आठवड्यांनी परतले. आठवड्याने एकदा डबा खाताना त्यांनी आपणच सुरुवात केली.

मिरजेच्या घरात दाराशी एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर विष्णुपंतांशिवाय कधी कुणी बसलेलं नव्हतं. पोरं खेळतानासुद्धा तिला वळसा घालून जात. घारपुरे रिक्षातून उतरून आत गेले तेव्हा ती रिकामी होती. वडील मागच्या खोलीतून भिंत धरून धरून आले आणि दारात उभे राहिले.

"या," ते मुलाला म्हणाले. "बसा."

"बाबा, मी आहे. पद्माकर."

"माहीत आहे. बसा तुम्ही."

घारपुरे पाया पडायला वाकले तर वडील मागे सरले. जेवायला पहिलं पान मुलाचं मांडायला लावलं. मुलगा जेवल्याशिवाय घासाला हात लावला नाही. मुलगा खोलीत आला की उठून उभे राहत. चौऱ्याऐंशी वर्षांचा, नुकताच तापातून उठलेला माणूस. घरच्यांना वाटलं, तापाने डोक्यावर परिणाम झाला. पण बाकी सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. दूधवाल्याचं नाव, नातवंडांच्या परीक्षा.

"मी त्यांना विचारलं," घारपुरे म्हणाले. "बाबा, असं का करता? तर म्हणाले, माझं झालं ना त्या दिवशी. तुम्हाला ठाऊक आहे."

"तुम्ही तालमीचं सांगितलं होतंत कुणाला?"

"सुहासिनीलासुद्धा नाही."

बॉयलर सुरू झाला. आम्ही दोघंही दचकलो.

"मी त्या खुर्चीवर बसलो नाही," ते पुढे सांगू लागले. "वीस दिवस नाही. म्हटलं, ते असताना मी कसा बसू? आणि ते म्हणायचे, तुम्ही असताना मी कसा बसू? खुर्ची तशीच रिकामी. आपल्या फाइलमध्ये लिहिलंय ना, मध्ये सेकंदसुद्धा जात नाही? वीस दिवस गेले, श्रीनिवास. संध्याकाळी दिवा लावला की त्या खुर्चीकडे कुणी बघत नसे. शशीची मुलगी त्या खोलीत यायची बंद झाली. तिला म्हटलं का, तर म्हणते, तिथे कुणीतरी वाट बघतंय."

निघायच्या दिवशी रिक्षा यायला अर्धा तास होता. घारपुरे दाराशी उभे आणि समोर वडील उभे. शशीने दोनदा सांगितलं, बाबा बसा. ते बसेनात. त्यांचे पाय लटपटायला लागले, धोतर हलताना दिसायला लागलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पडले असते.

"मग बसलो मी," घारपुरे म्हणाले. "काय करणार? मी टेकलो आणि ते हळूच खाली जमिनीवर बसले. आणि असा श्वास सोडला त्यांनी… मी इतकं सुटल्यासारखं कुणाला बघितलं नाही. मी मात्र तेव्हापासून कोऱ्या जागेशी थांबल्यासारखा आकडे मोजतोय. मीच स्वतःचं नाव घेतलं. मीच त्यांना उठवलं तिथून."

तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मी पोळी गुंडाळून ठेवली आणि वर कामाला गेलो.

विष्णुपंत त्यानंतर सहा वर्षं जगले, त्या मागच्या खोलीत. घारपुरे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा वडील उठून उभे राहिले, आणि दोन्ही वेळा घारपुरे दारातून आत आल्या आल्या खुर्चीवर बसले, म्हातारा पडू नये म्हणून. पत्रं येत ती 'आपला आज्ञाधारक' अशी सही करून. ती पत्रं ते मला वाचायला देत आणि माझ्याकडे बघत राहत.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात विष्णुपंत गेले. घारपुरे दिवसकार्य उरकून आले ते डोक्यावरचे केस काढून. तळघरात बसून म्हणाले, "काही बदललं नाही रे. तेराव्याला सगळ्यांनी मला घरातला मोठा म्हणून आहेर केला. मला वाटलं, हे सहा वर्षांपूर्वी व्हायचं ते आज करतायत."

तेव्हा मी सांगितलं. कसं सुचलं माहीत नाही. त्यांच्या त्या उघड्या डोक्याकडे बघवेना म्हणून असेल.

"घारपुरे, त्या दिवशी मी ऐकलं होतं. तुमचं नाव. पण तुम्ही घेतलं नव्हतं. तुमचे ओठ मिटलेले होते. मी समोर होतो."

ते हळूहळू माझ्याकडे वळले. "कधी?"

"दुसऱ्या जागेला."

"आणि मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास."

"हो."

"सहा वर्षं."

"हो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मला वाटलं ओरडतील. "आवाज कसा होता?" एवढंच विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाचा. जेवायला बोलावल्यासारखा."

ते उठून गेले. त्या दिवशी झेंडा उतरवायला ते वेळेवर गेले नाहीत. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

पंच्याण्णवच्या नोव्हेंबरात तालीम होती. मिसेस ब्रॅडवेल निवृत्त झाल्या होत्या आणि नवीन साहेबांनी कोण वाचेल असं विचारलं. घारपुऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी उठलो. हात गार पडले होते, पण उठलो. एवढं मी त्यांचं देणं लागत होतो.

माझ्या उजव्या हाताला ते दंड घेऊन उभे राहिले. मी पहिल्या जागेशी थांबलो. एक, दोन, तीन. पुढे वाचलं. दुसऱ्या जागेशी थांबलो. एक. दोन. बाजूला झगा हलल्याचा आवाज आला. घारपुरे पुढे झुकून कान देत होते. ती हाक पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून. मिरजेला आता त्यांना बसा म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं. मी नियम मोडून पाचपर्यंत मोजलं. हॉल लांब झाला तसा लांबच राहिला. दाराच्या बाजूला काहीतरी होतं किंवा नव्हतं, पण ते बोललं नाही.

सगळे गेल्यावर खुर्च्या आवरताना त्यांनी विचारलं, "ऐकलंस?"

"नाही."

"खरं?"

"खरं, घारपुरे. काही नव्हतं."

त्या वेळी मी खरं बोललो होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, मग मान वळवली आणि एकावर एक खुर्च्या रचायला लागले. पुढची दोन वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला, पण त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. ते निवृत्त झाल्यावरही दर बुधवारी दुपारी पडदे ओढलेल्या त्या हॉलात एकटेच थोडा वेळ बसून जात. नवीन अटेंडंट त्यांना किल्ली देत असे. शेवटच्या आजारात मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तेव्हा पलंगाशेजारी एक खुर्ची होती. मी बसायला गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं, "ते येतायत," म्हणाले आणि दाराकडे बघत राहिले. मी तास-दीड तास उभाच होतो.